गायधनी मॅडमची एक ओळ

रविवारी सकाळी गायधनींच्या हॉलमधला सोफा भिंतीला लागायचा, टीपॉय गॅलरीत जायचा आणि सोसायटीतली मुलं दारात चपलांचा ढीग करून आत शिरायची. शिकवणी म्हणावी तर फी नव्हती. खेळ म्हणावा तर मध्येच कुणीतरी प्रश्न विचारायचं आणि सगळे गप्प बसून विचार करायला लागायचे. मालिनीबाई गायधनी सत्तरीच्या. आयुष्यभर त्यांनी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं आणि शिकवता शिकवता कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसं घडतं यावर संशोधन केलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोर मुलं नसली की त्यांना करमत नसे.

त्या दिवशी पडदे ओढून खोलीत अंधार केला होता. मालिनीबाईंनी एक अंडं टॉर्चवर अलगद धरलं. कवचातून नारिंगी उजेड पाझरला. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसत होत्या, मधोमध एक ठिपका होता आणि तो ठिपका हलत होता.

"उड्या मारतंय!" छोटी स्वानंदी ओरडली.

"उड्या नव्हे गं, धडधडतंय. ते त्याचं हृदय."

"एवढंसं?"

"एवढंसं. अजून पंख नाहीत, चोच नाही, डोळे पुरते झालेले नाहीत. हृदय मात्र कामाला लागलंय."

पलीकडच्या विंगमधला स्वराज जरा चिकित्सक. तो म्हणाला, "आजी, पण हे हृदय आलं कुठून? काल नव्हतं ना?"

मालिनीबाईंचा चेहरा उजळला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच त्या अर्धा तास थांबल्या होत्या. त्यांनी पडदे उघडले आणि मुलांच्या दोन रांगा केल्या. एक डाव्या भिंतीशी, एक उजव्या.

"हे बघा, पिल्लाचं हृदय आधी एक नसतंच. थोड्या पेशी इकडे असतात, थोड्या तिकडे. मग दोन्ही रांगा चालत चालत मध्ये येतात. चला, या. आता हात धरा. झालं हृदय."

मुलांनी हात धरले आणि तोंडाने धड् धड् करायला सुरुवात केली. मालिनीबाईंनी गॅलरीतला टीपॉय ओढून मधोमध आणला.

"आता परत भिंतीशी जा. आणि समजा, मध्ये हा अडथळा आला. मी पेशींच्या वाटेत एक बारीक काप दिला. मग?"

रांगा टीपॉयपाशी येऊन अडखळल्या.

"मग इकडे एक हृदय होतं आणि तिकडे एक. दोन्ही धडधडतात."

"मग पिल्लू?"

"ते जगत नाही रे."

मालिनीबाईंनी आवाज जरा खाली आणला. "पण मी पाहिलंय बरं का. काही अंड्यांमध्ये या रांगांनी अडथळ्याला वळसा घातला. जणू त्यांनी एकमेकींना हाक मारली आणि शेवटी गाठलंच."

एवढं ऐकायचा अवकाश, सगळी पोरं टीपॉयला वळसा घालून एकमेकांवर कोसळली. त्या गोंधळात मालिनीबाईंचं लक्ष दाराकडे गेलं. दारात संध्या उभी होती. एका हातात स्ट्रॉबेरीचा खोका, खांद्याला प्रवासाची बॅग. मुलांचा खेळ ती हसत हसत बघत होती, पण मालिनीबाईंशी नजरानजर झाली तसं तिचं हसू मावळलं.

संध्या भोये सुरगाण्याकडची. घरची भाताची आणि नागलीची शेती. कॉलेजात आली तेव्हा वर्गात तोंडातून शब्द काढत नसे, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तिला जेवणाचंही भान राहत नसे. मालिनीबाईंनी तिला अंड्याच्या कवचाला खिडकी पाडायला शिकवलं, आतल्या पिल्लाला धक्का न लावता काप द्यायला शिकवलं. आता ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होती आणि मालिनीबाईंच्याच प्रयोगावर पुढचं काम करत होती.

तो प्रयोग म्हणजे मालिनीबाईंची आयुष्याची कमाई. दोन्ही बाजूंच्या पेशी अडथळ्यानंतरही एकत्र येतात, असा पेपर त्यांनी लिहिला होता. बाकीचे पेपर कपाटात राहिले, हा मात्र जगभर फिरला. कुणी जपानमधून पत्र पाठवलं. ब्राझीलमधल्या एका विद्यार्थ्याने या पेशी एकमेकींना हाक मारतात तरी कशी, हे शोधायचं काम हाती घेतलं. आणि परदेशातल्या एका जाडजूड पाठ्यपुस्तकात एक ओळ आली. एकच ओळ, पण शेवटी कंसात लिहिलेलं होतं: गायधनी, नाशिक. त्यांच्या यजमानांनी, वेणीमाधवरावांनी, त्या पानाची झेरॉक्स काढून ती ओझरच्या विमान कारखान्यातल्या आपल्या सगळ्या सहकाऱ्यांना दाखवली होती. कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं, पण 'नाशिक' सगळ्यांना वाचता आलं.

मुलं गेली. पानं मांडली. वेणीमाधवराव स्ट्रॉबेरीचा खोका उघडून आधीच दोन खाऊन बसले होते.

"सुरगाण्याची?" त्यांनी विचारलं.

"हो काका. आमच्या शेजाऱ्यांनी लावलीय. आईने मुद्दाम तुमच्यासाठी दिली."

"तुझ्या आईला सांग, या घरात खाण्यासारखं काहीतरी आलं ते तिच्यामुळेच. चाळीस वर्षं आमच्या फ्रिजमध्ये अंडीच अंडी, आणि खायची मात्र बंदी! माझा दादा रामकुंडावर पूजा सांगतो. तो आला की मी फ्रिजपुढे पाठ लावून उभा राहायचो."

"काहीतरीच सांगू नका," मालिनीबाई वाढता वाढता म्हणाल्या. "दादांना सगळं ठाऊक होतं. तेच विचारायचे, मालिनी, या खेपेला किती निघाली?"

संध्या हसली, पण तिने भात नुसता चिवडला. मालिनीबाईंनी आमटी वाढली. "तुझा पेपर कुठवर आलाय?"

"चाललंय, मॅडम."

"गेल्या दिवाळीतही चाललंच होतं."

"हो. म्हणजे… मी विषय थोडा बदलतेय."

"बदलतेयस? शेवटच्या वर्षात?" मालिनीबाईंचा हात थांबला. "संध्या, वर बघ. मुलांच्या खेळाच्या वेळी तुझा चेहरा का पडला?"

संध्याने वर पाहिलं नाही. ताटाकडे बघतच ती म्हणाली, "एकत्र येत नाहीत, मॅडम."

"कोण?"

"दोन्ही बाजू. वर्षभर केलं. जसं तुम्ही शिकवलंत अगदी तसं. प्रत्येक वेळी दोन हृदयं होतात. एकदाही एक झालं नाही. पुण्याचे सर म्हणतात, हेच लिहून पाठव. लिहूनही झालंय. फेलोशिप मार्चमध्ये संपते, त्याआधी पाठवायला हवं. पण मी पाठवणार नाही. दुसरं काहीतरी करेन."

खाली भाजीवाल्याची गाडी स्पीकरवर वांगी-मेथी ओरडत निघून गेली.

मालिनीबाईंना वाटलं, आपण शांतपणे काहीतरी बोलावं. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "तुझा काप खोल जात असेल."

हे ऐकून संध्याने घास घेतला आणि तो बराच वेळ चावत राहिली. काप देताना तिचा हात किती हलका असतो हे मालिनीबाईंइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? त्या ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि विनाकारण नळ सोडून उभ्या राहिल्या.

वेणीमाधवराव मागोमाग आले. त्यांनी नळ बंद केला.

"अहो, पाणी कशाला वाया घालवता?"

"मी काय खोटं लिहिलं होतं का?" मालिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय मी. एक हृदय. जरा वाकडं, पण एकच."

"कोण म्हणतंय खोटं? ती पोरगी तर स्वतःचं वर्ष पाण्यात घालायला निघालीय, तुमच्या त्या ओळीला धक्का लागू नये म्हणून." वेणीमाधवरावांनी नॅपकीन पुढे केला. "आमच्याकडे एखादा भाग मापात बसला नाही, की कामगाराला बोल लावायचा नाही आणि ड्रॉइंगलाही नाही. आधी दोघांनी शेजारी उभं राहून तोच भाग परत मोजायचा. तुम्ही दोघी एकत्र कुठे मोजलंत?"

मालिनीबाईंनी हात पुसले. बाहेर येऊन त्या संध्यापुढे बसल्या. "मघाशी बोलले ते चुकीचं बोलले. तुझा हात मला ठाऊक आहे. आठ-दहा दिवस राहशील? कॉलेजात जाऊ. दोघी मिळून करू."

कॉलेजात आता प्राणिशास्त्र विभागाचा प्रमुख होता आल्हाद. तोही त्यांचाच विद्यार्थी. त्याने जुन्या प्रयोगशाळेची किल्ली स्वतः आणून दिली आणि खुर्ची पुसून ठेवली. "मॅडम, उबवणीची पेटी नवी आहे. तुमची ती लोखंडी पेटी भंगारात गेली. बाकी सगळं तसंच आहे."

"घड्याळ बंद आहे, तेही तसंच," मालिनीबाई म्हणाल्या.

उबवणी केंद्रातून ताजी फलित अंडी आली. पेटीचा काटा अडतीस अंशांवर लावला. पिल्लाची पहिली रेघ दिसायला लागली तशी मालिनीबाईंनी बारीक सुई हातात घेतली. कवचाला खिडकी पाडेपर्यंत ठीक होतं. पण सुई आत नेताना तिचं टोक थरथरू लागलं. त्यांनी श्वास रोखून पाहिला, कोपर टेबलावर टेकून पाहिलं. टोक थरथरतच राहिलं.

त्यांनी सुई संध्याच्या हाती दिली.

मग त्या सूक्ष्मदर्शकाच्या शेजारच्या नळीला डोळा लावून बघत राहिल्या. संध्याची सुई खाली उतरली, पिल्लाच्या घशाशी पडू लागलेल्या घडीला नेमकी टेकली, आणि केसाच्या जाडीचा काप देऊन वर आली. मालिनीबाईंना आपलाच तरुण हात बघितल्यासारखं वाटलं. खोल गेला नव्हता. उथळ नव्हता. तसाच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडक्यांवरची चिकटपट्टी एकेक करून काढली. पहिल्या अंड्यात दोन हृदयं होती. डावं आणि उजवं, आपापल्या लयीत धडधडणारी. दुसऱ्यातही दोन. तिसऱ्यात, चौथ्यात. संध्या अंडी पुढे सरकवत होती आणि मालिनीबाई प्रत्येकात पुन्हा पुन्हा बघत होत्या. लहान मूल हरवलेला खडू त्याच त्या दप्तरात पुन्हा पुन्हा शोधतं, तसं. शेवटचं अंडं बघून झालं आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आपण परत करू. वेगळी अंडी आणू. गावठी कोंबडीची आणू."

"परत करून काय होणार? तू वर्षभर करत आलीस." मालिनीबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "बाळा, पाठव तुझा पेपर. चूक असेल तर पुस्तकातून ओळ निघायलाच हवी. मला वाईट वाटेल, थोडे दिवस. तेवढं वाटू दे मला. तू त्यासाठी थांबू नकोस."

संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून ती काचेच्या बशा धुवायला नळाकडे वळली.

तेवढ्यात खट् असा आवाज झाला आणि दिवे गेले. सकाळपासून महावितरणवाले कोपऱ्यावरच्या खांबावर चढून काहीतरी दुरुस्ती करत होते. मालिनीबाई ताडकन उठल्या, आणि अंगावरची शाल काढून त्यांनी ती उबवणीच्या पेटीवर टाकली. चारही बाजूंनी नीट खोचलीसुद्धा.

संध्याला हसू फुटलं. "मॅडम! आता इन्व्हर्टर आहे. पेटी चालूच आहे, बघा दिवा."

पेटीवरचा हिरवा दिवा शालीतून दिसत होता. मालिनीबाईही हसल्या. "सवय गं. तेव्हा रोज दुपारी वीज जायची. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्यांतून धूर निघताना गच्चीवरून दिसायचा, आणि आपल्याकडे मात्र अंधार."

"आणि तुमच्या त्या प्रयोगासाठी माझी गोधडी पेटीवर! होस्टेलमध्ये मी नुसत्या चादरीवर कुडकुडायचे. आईने विचारलं, गोधडी काय केली? म्हटलं, अंड्यांना थंडी वाजते म्हणून दिली. आई म्हणाली, तू शिकायला गेली का कोंबड्या पाळाया?"

दोघी मनापासून हसल्या. आणि मग मालिनीबाई हसायच्या थांबल्या. संध्याही थांबली.

"रोज दुपारी," मालिनीबाई सावकाश म्हणाल्या.

"डिसेंबर-जानेवारीत," संध्या म्हणाली. "आपण प्रयोग थंडीतच करायचो. उन्हाळ्यात अंडी खराब होतात म्हणून."

"गोधडीने पेटी गरम राहते असं आपण धरून चाललो होतो. पण वीज परत यायच्या आधी एकदा मी आत हात घातला होता. अंडी कोमटसुद्धा नव्हती."

ऐकणाऱ्याला वाटेल, एवढी मोठी गोष्ट पेपरात कशी लिहिली नाही? पण ज्या गावात रोज दुपारी वीज जाते, तिथे वीज गेली हे कुणी कशाला लिहून ठेवेल? वीज जायची, गोधडी पडायची, वीज यायची, गोधडी निघायची. दार लोटावं, पंखा बंद करावा, तसं ते हातांच्या सवयीत होतं. पेपरात मालिनीबाईंनी लिहिलं होतं, अंडी अडतीस अंशांवर ठेवली. काटा खरंच अडतीसवर असायचा. आणि ज्यांनी जगभर तो प्रयोग परत करून पाहिला, त्यांच्याकडे कधी वीजच गेली नव्हती. पुण्याच्या संस्थेत तर पेटीला दोन-दोन जनरेटर.

"मॅडम, काप न दिलेली अंडी राहिलीत अजून," संध्या म्हणाली. तिने हात ओलेच ठेवून बशा बाजूला सारल्या होत्या.

"सगळी एकत्र नको. निम्मी नेहमीसारखी ठेव. निम्मी दुसऱ्या पेटीत."

आल्हादने शेजारच्या विभागातून आणखी एक पेटी आणवली. संध्याने सगळ्या अंड्यांना सारखेच काप दिले आणि ती दोन पेट्यांत वाटली. एक पेटी सतत चालू. दुसरीचं बटण दुपारी बंद करायचं आणि संध्याकाळी लावायचं. गोधडी कुठून आणायची? वेणीमाधवराव स्कूटरवरून घरची गोधडी घेऊन आले. "ओझरला विमानं बनवली, पण शास्त्राची सेवा करायचा मान शेवटी गोधडीमुळे मिळाला," असं म्हणून त्यांनी ती स्वतःच्या हाताने पेटीवर घातली.

गारव्यामुळे दुसऱ्या पेटीतली पिल्लं मागे पडली होती. म्हणून त्यांना थोडा जास्त वेळ दिला. मालिनीबाईंना तेवढाही दम निघेना. त्या कॉलेजच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिल्या, मध्येच आत येऊन पेटीच्या काचेतून डोकावत राहिल्या. शेवटी आल्हादने त्यांना चहा देऊन बसवून ठेवलं.

चालू पेटीतल्या सगळ्या अंड्यांत दोन हृदयं निघाली. मग संध्याने दुसरी पेटी उघडली. पहिल्या अंड्यात दोन. त्यानंतरच्यात काहीच धड दिसेना. तिसऱ्या अंड्याची पट्टी काढून तिने नळीला डोळा लावला आणि ती हललीच नाही.

"काय गं?"

संध्या उठली आणि तिने खुर्ची मालिनीबाईंना दिली.

मालिनीबाई वाकल्या. आधी सगळं धूसर होतं, मग त्यांनी चाक फिरवलं आणि चित्र स्पष्ट झालं. एकच हृदय होतं. एका बाजूला जरा फुगलेलं, कापाच्या जागी पुसटशी रेघ. दोन्ही अंगं एका लयीत आत-बाहेर होत होती, शांतपणे, कुणी बघतंय याची त्याला खबरही नव्हती. इतकी वर्षं ते त्यांनी पुन्हा पाहिलं नव्हतं. त्या बघत राहिल्या. चष्म्याची काच धुरकट झाली तशी त्यांनी ती पदराला पुसली आणि पुन्हा बघत राहिल्या.

तसली आणखी काही अंडी निघाली. सगळी नाहीत, पण पुरेशी होती.

पुढचे तीन-चार दिवस त्यांनी दोन्ही पेट्यांतली अंडी थोड्या थोड्या वेळाने उघडून बघितली, आणि काय घडतंय ते हळूहळू ध्यानात आलं. अंडी गार झाली की हृदयाच्या पेशींची चाल मंदावायची, जवळजवळ थांबायची. जखम मात्र गारव्यातही हळूहळू आवळत राहायची. ऊब परत येईपर्यंत वाट मोकळी झालेली असायची. पेशींनी अडथळ्याला वळसा घातला नव्हता. अडथळाच उरला नव्हता.

संध्याचा आनंद पोटात मावत नव्हता. जायच्या आदल्या दिवशी ती गायधनींच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आणि तिने पेपर नव्याने लिहून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालिनीबाई तो वाचायला बसल्या. बॅग दारात भरून ठेवलेली होती. दुपारच्या गाडीने तिला पुण्याला जायचं होतं.

"हे काय लिहिलंयस?" मालिनीबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "गायधनी यांच्या निष्कर्षाला दुजोरा मिळतो?"

"मिळतोच ना. एक हृदय झालं. तुम्ही पाहिलं ते खरं होतं!"

"पाहिलं ते खरं होतं. सांगितलं ते चुकलं. मी लिहिलं होतं की पेशी एकमेकींना हाक मारतात. कुठे आहे हाक? त्यांना वेळ मिळाला, बस. आणि अडतीस अंश लिहिलं ते तर साफ चूक."

"पण मॅडम, ते असं उघडं लिहायचं? मी लिहायचं?"

"मग कोण लिहिणार?"

"लोक म्हणतील, शिकवलं त्यांचीच चूक काढते."

"म्हणू देत. संध्या, ब्राझीलमधला तो मुलगा आठवतो? मला पत्र लिहायचा. माझी हाक शोधत बसला होता. मिळाली नाही म्हणून त्याने काम सोडलं. त्याला वाटलं असेल, आपल्यालाच जमत नाही. तुलाही तेच वाटलं होतं ना वर्षभर?"

संध्याला वाटलं होतं. कितीतरी दिवस ती प्रयोगशाळेतून खोलीवर जाताना स्वतःच्या हातांकडे बघत गेली होती.

"अजून असा कुणीतरी असेल," मालिनीबाई म्हणाल्या. "तो हे वाचेल. तू गुळमुळीत लिहिलंस तर त्याला कळायचं नाही. लिही, गायधनी यांनी दिलेलं स्पष्टीकरण चुकीचं होतं. आणि वीज जायची, गोधडी घालायचो, तेही लिही."

"गोधडी? सायन्सच्या पेपरात?"

"पेटी पांघरुणाने झाकली, असं लिही. पण लिही. मी माझ्याकडून त्या जुन्या मासिकाला वेगळी दुरुस्ती पाठवतेय. सकाळी लिहून झाली."

"कधी?"

"तू आंघोळीला गेलीस तेव्हा," वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता वेणीमाधवराव म्हणाले. "मला वाचून दाखवली. मी म्हटलं, त्या ओळीची झेरॉक्स मी अख्ख्या ओझरला वाटलीय, आता दुरुस्तीची वाटत फिरू का? तर म्हणाल्या, फिरा."

संध्याने लॅपटॉप जवळ ओढला. ते वाक्य तिने टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. त्यात 'कदाचित' घातलं. मालिनीबाईंनी हात लांब केला आणि एका बोटाने 'कदाचित' खोडून टाकलं. मग तिने पाठवण्याच्या बटणावर बोट आणलं आणि ती तशीच बसून राहिली.

"दाब."

"मॅडम…"

"अगं दाब. मला माझ्या आयुष्यात इतकं नीट कुणी वाचलं नव्हतं. ज्यांनी माझी ओळ छापली त्यांनीसुद्धा नाही."

संध्याने बटण दाबलं. मग ती उठून त्यांच्या पाया पडायला वाकली, पण मालिनीबाईंनी तिला मध्येच धरलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. संध्याने डोळे पुसले, बॅग खांद्याला लावली.

"थांब," मालिनीबाई म्हणाल्या. "एक मला कळत नाहीये. गार झाल्यावर हृदयाच्या पेशी थांबतात. मग जखमेच्या का नाही थांबत? त्याही त्याच अंड्यात आहेत. त्यांनाही तेवढीच थंडी वाजतेय."

संध्या दारातच थबकली. "हो की. हे मी कुठे वाचलेलं नाही."

"मीही नाही. कडेच्या पेशी नुसत्या ताणल्या जात असतील?"

"की गारव्यात त्या आकसत असतील? तसं असेल तर कापाची दिशा बदलली की फरक पडायला हवा." तिने बॅग खाली ठेवली. "आडव्याऐवजी उभा काप दिला तर?"

"कागद आण. तिथे, फ्रिजवर असेल."

रिक्षावाल्याने पुन्हा हॉर्न दिला, या खेपेला लांबलचक. वेणीमाधवराव गॅलरीत गेले. त्यांनी एकदा वळून टेबलाकडे बघितलं. दोन डोकी एका कागदावर वाकली होती, संध्या अंड्याचं चित्र काढत होती आणि मालिनीबाई तिच्या हातातून पेन्सिल ओढून घेत होत्या. मग त्यांनी कठड्यावरून खाली वाकून हाक दिली.

"जाऊ द्या हो! पाहुण्या आज निघत नाहीत!"